घड्याळजींनी घडवलेली रिळं

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात पॅरिस नावाचं एक गाव आहे. जॉर्ज स्नायडर तिथला घड्याळजी. चांदीकाम आणि घड्याळं हा धंदा, नदीवर गळ टाकून बसणं हा नाद. 1810 ते 1820 च्या दरम्यान त्याने स्वतःच्या हाताने गळाची दोरी गुंडाळायचं एक रीळ घडवलं आणि अमेरिकेतल्या गळाच्या मासेमारीला नवं वळण मिळालं.

साध्या रिळात हँडलचा एक फेरा म्हणजे रिळाचा एक फेरा. दातेरी चाकांची, जास्त फेरे देणारी रिळं लंडनमध्ये अठराव्या शतकातच विकली जात होती, पण मोठा मासा ओढू लागला की त्यांचे दाते दगा द्यायचे. केंटकीच्या कारागिरांनी दाते कापले ते घड्याळाच्या काटेकोरपणाने. हँडलला मोठं चाक, रिळाच्या आसाला चौपट कमी दात्यांचं लहान चाक. हँडल एकदा फिरवलं की रीळ चारदा फिरणार.

पण या रिळाचा खरा कस लागतो तो आमिष फेकताना. इथल्या नद्यांत बास मासा जिवंत मासोळी लावून धरत. मासोळी वजनाला जेमतेम, आणि हवेतून जाता जाता तिनेच रीळ फिरवत दोरी सोडवून घ्यायची. आसाला थोडं जरी घर्षण असलं तरी फेक तोकडी पडते. रीळ अगदी मोकळं फिरलं तर वेगळीच आफत: मासोळीचा वेग मंदावतो, रीळ मात्र जडत्वामुळे गरगरत राहतं, दोरी गरजेपेक्षा जास्त सुटते आणि गुंता होतो. त्यासाठी फेकणारा रिळावर अंगठा टेकवून ठेवतो.

स्नायडरनंतर केंटकीतल्याच फ्रँकफर्ट गावच्या मीक बंधूंनी आणि त्यांच्याकडे शिकलेल्या बेंजामिन मायलमने ही कला शिखरावर नेली. त्यांच्या जुन्या रिळांवर स्क्रूच्या डोक्यावर बारीक खुणा कोरलेल्या दिसतात. प्रत्येक स्क्रू हाताने बनवलेला, म्हणून तो आपल्याच भोकात बसायचा. जुन्या रिळांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

गुंत्यावर एक निराळा तोडगा इंग्लंडमध्ये निघाला. कापडगिरणीच्या धंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने 1905 मध्ये न फिरणाऱ्या रिळाचं पेटंट घेतलं. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत कडेने निसटतं, तशीच इथे दोरी निसटते. रीळच फिरत नाही, मग जडत्वाचा प्रश्न येतोच कुठे? मात्र मासा दोरी ओढून नेत असताना हँडल फिरवत राहिलं, तर दोरीला पीळ पडतो.

फिरत्या रिळाची अडचण पुढे स्वीडनमध्ये बरीच सुटली, आणि तीही घड्याळवाल्यांकडूनच. स्वेंगस्टा गावी 1921 मध्ये निघालेल्या आबू कंपनीच्या नावातच घड्याळांचा कारखाना आहे: आबू म्हणजे ‘एबी उरफाब्रिकेन’, आणि स्वीडिशमध्ये ‘उरफाब्रिकेन’ म्हणजे घड्याळांचा कारखाना. टॅक्सीचे मीटरही ती बनवायची. तिच्या 1950 च्या दशकातल्या अँबॅसडर रिळात आसाजवळ सरकते लहान ठोकळे होते. रीळ जितकं जोरात फिरेल तितके ते बाहेर रेटले जाऊन कडीवर घासतात. वेग उतरला की आपोआप सैल पडतात. अंगठ्याचं निम्मं काम त्यांनी उचललं.