पाणपोई

वाटसरूंना विनामूल्य पिण्याचे पाणी मिळावे म्हणून रस्त्यालगत, घाटावर, बाजारात किंवा देवळापाशी केलेली सोय. जुन्या लेखांत हिलाच ‘प्रपा’ म्हटले आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदेला पाणपोई घालून ती पावसाळा लागेपर्यंत चालवण्याची रूढी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या ‘धर्मसिंधू’त चैत्रातील प्रपादान सांगितले असून, ज्याला ते झेपत नाही त्याने रोज पाण्याने भरलेला घडा द्यावा, अशी मुभाही आहे.

नाशिक परिसरातील अतिशय जुना उल्लेख पांडवलेण्यांतील (त्रिरश्मी) दहाव्या लेण्यातल्या लेखात सापडतो. पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या क्षहरात घराण्यातील क्षत्रप (शासक) नहपान याचा जावई उषवदात याने इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर सभा (विसाव्याच्या जागा) व प्रपा उभारल्या, असे तो सांगतो. लेण्याबरोबर पाण्याची टाकीही (‘पोढी’) त्यानेच खोदवली. यांपैकी तापीबद्दल शंका नाही. पारदा म्हणजे पार आणि दमणा म्हणजे दमणगंगा हेही सामान्यतः मान्य आहे. इबा व करबेणा यांच्याविषयी मात्र एकमत नाही.

लेखाचा काळ वादग्रस्त आहे. नहपानाच्या काळातील इतर लेखांत 41 ते 46 ही वर्षे येतात, पण ती कोणत्या संवताची (कालगणनेची) हे सांगितलेले नाही. ती इ. स. 78 पासून मोजल्या जाणाऱ्या शक संवताची धरली, तर इ. स. 119 ते 124 हा काळ निघतो आणि बराच काळ अभ्यासकांनी तोच स्वीकारला. दुसऱ्या मताप्रमाणे ही वर्षे शक संवताची नसून नहपान पहिल्या शतकातला ठरतो. 1906 मध्ये सिन्नर तालुक्यातील जोगळटेंभी येथे सापडलेल्या साठ्यात नहपानाची 13,000 हून अधिक नाणी होती. बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाचा पाडाव कोणी केला हे त्यावरून कळते, केव्हा केला हे कळत नाही. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक सागरी प्रवासवर्णनातला राजा मँबॅनस हा नहपानच असेल, तर पहिले शतक अधिक जुळते.

प्रपेचे पाणी कोणाकोणाला मिळे, याविषयी लेख काही सांगत नाही, आणि हा प्रश्न गौण नव्हे. सार्वजनिक पाणवठे दीर्घकाळ अस्पृश्य मानलेल्या समाजाला बंद होते. 1868 मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये संमत केला, तरी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ज्या पाण्याला शिवण्याची काहींना बंदी, त्याला सार्वजनिक म्हणता येत नाही.

पाणपोईची मांडणी साधी: वर मांडव, खाली वाळूत बसवलेले रांजण, त्यांना भिजवलेले गोणपाट. पाझरलेले पाणी वाळताना आतले पाणी गार होते. दूषित होण्याचा धोका मुख्यतः हात बुडवण्यातून असतो. म्हणून लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटी हवी, आणि क्लोरीन टाकलेले पाणीही झाकूनच ठेवावे. अलीकडे रांजणांच्या जागी जार व कूलर आले आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 28 जुलै 2010 रोजी पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क मानला. 2024 मध्ये जगातील सुमारे 210 कोटी लोकांना सुरक्षित व्यवस्थेचे पाणी मिळत नव्हते. या मोजणीत पाणी शुद्ध, घरच्या आवारात आणि लागेल तेव्हा मिळणारे असावे लागते. पाणपोई तीत बसत नाही, आणि ते योग्यच आहे. ती प्रवाशाची तहान भागवते, घराची गरज नव्हे. उषवदाताच्या लेखातल्या नद्यांपैकी पार व दमणगंगा आजच्या नाशिक जिल्ह्यातच उगम पावतात. पेठ-सुरगाण्याच्या त्या डोंगराळ भागात पाऊस भरपूर, पण कठीण बेसॉल्ट खडकामुळे तो मुरण्याऐवजी वाहून जातो आणि उन्हाळ्यात पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. 2019 च्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाणी नळाने देण्याचे ठरवले. नळाच्या मूळच्या विहिरीला मे महिन्यात पाणी टिकणे ही तिथली खरी अडचण आहे.