१५ टक्के फास्ट, पण कशापेक्षा?

प्रोग्रॅमिंग लँग्वेजचं नवीन व्हर्जन यायच्या आधी त्याचे अल्फा, बीटा, रिलीज कँडिडेट असे प्रिव्ह्यू येतात आणि त्यांच्यासोबत हमखास एक आकडा येतो, की आता एवढे टक्के फास्ट झालं. तो आकडा पाहिला की मी आधी विचारतो, कशापेक्षा?

पायथन ३.१४ चंच घ्या. २०२५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे अल्फा चालू असताना, त्यात नव्या पद्धतीचा इंटरप्रिटर आला. पायथन आपला कोड आधी बारीक बारीक सूचनांमध्ये मोडतं आणि इंटरप्रिटर त्या एकेक करून चालवतो, आतापर्यंत हे सगळं सी लँग्वेजमधल्या एका भल्यामोठ्या फंक्शनमध्ये व्हायचं, नव्या पद्धतीत प्रत्येक सूचनेला स्वतःचं छोटं फंक्शन मिळालं आणि आपलं काम संपलं की ते थेट पुढच्या फंक्शनकडे उडी मारतं. मोजल्यावर सरासरी ९ ते १५ टक्के वेग वाढलेला दिसला. इंटरप्रिटरच्या दुनियेत १ टक्क्यासाठी लोक महिनोन्महिने घासतात, त्यामुळे ही बातमी खरंच मोठी होती.

मग मार्चमध्ये कळलं की मोजणी ज्या क्लँग १९ कंपायलरवर (म्हणजे सी मधला कोड मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या प्रोग्रामवर) झाली होती त्यातच एक बग होता, आणि त्या बगमुळे जुन्या पद्धतीचा इंटरप्रिटर विनाकारण हळू चालत होता. शर्यत जिंकली खरी, पण शेजारचा लंगडत होता. क्लँग १८ किंवा जीसीसी हा दुसरा कंपायलर वापरून बनवलेल्या जुन्या इंटरप्रिटरशी तुलना केली तर फायदा बराच कमी निघाला, आणि पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आकडा बदलून ३ ते ५ टक्के केला गेला. यात कोणी फसवलं नव्हतं, आकडे प्रामाणिकपणे मोजलेले होते, फक्त ज्याच्याशी तुलना केली तोच बिघडलेला होता. आणि हे अल्फामध्येच उघडं पडलं, ऑक्टोबरमधल्या फायनल रिलीजच्या कितीतरी आधी, प्रिव्ह्यू काढतात ते यासाठीच.

वेग मोजणं इतकं नाजूक का असतं? कारण प्रोग्राम एकटा धावत नाही. प्रोसेसर गरम झाला की स्वतःच स्पीड कमी करतो, मागे दुसरं काहीतरी चालू असतं, आणि कोड मेमरीत नेमका कुठे बसला यानेही फरक पडतो. २००९ मध्ये काही संशोधकांनी दाखवलं होतं की फक्त एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची, म्हणजे सिस्टिम प्रोग्रामला सुरुवातीला जी सेटिंग देते त्यांची, एकूण लांबी बदलली, प्रोग्रामला हातही लावला नाही, तरी त्याचा वेग बदलतो! मला ही गोष्ट अजूनही थक्क करते. म्हणून एकदा चालवून घेतलेल्या आकड्याला काही अर्थ नाही, तोच टेस्ट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये पुन्हा पुन्हा चालवायचा, जुनं आणि नवं आलटूनपालटून, आणि आकडे किती वरखाली होतात तेही बघायचं. वरखालीच ४ टक्के होत असेल तर ३ टक्के सुधारणा दिसली म्हणून नाचायचं कशाला.

प्रिव्ह्यूच्या बाबतीत अजून एक घोळ फार होतो. लोक अल्फा स्वतः कंपाइल करतात, साध्या सेटिंगने, आणि तुलना करतात सिस्टिममधल्या स्टेबल व्हर्जनशी जे बहुतेक वेळा सगळी ऑप्टिमायझेशन, म्हणजे वेग वाढवणारी सेटिंग, लावून बनवलेलं असतं. मग नवं व्हर्जन हळू वाटतं आणि नाव लँग्वेजचं खराब होतं. दोन्ही एकाच कंपायलरने, एकाच सेटिंगने बनवा, नाहीतर मोजूच नका.

आणि टेस्ट कुठली हेही महत्त्वाचं. रुबी या लँग्वेजच्या २.६ मध्ये जेआयटी कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच कोड मशीनच्या भाषेत बदलणारा कंपायलर, आला तेव्हा ऑप्टकॅरट नावाच्या बेंचमार्कवर, म्हणजे वेग मोजायच्या टेस्टवर, जो एका जुन्या गेमिंग कन्सोलची नक्कल करणारा एम्युलेटर आहे, २.५ च्या मानाने १.७ पट वेग मिळाला. पण रिलीजच्या घोषणेतच स्पष्ट लिहिलं होतं की रेल्स या रुबीतल्या वेब फ्रेमवर्कवर बनवलेल्या ॲप्लिकेशनसारख्यांना सध्या फायदा होईलच असं नाही. असं लिहिणाऱ्या टीमबद्दल मला आदर वाटतो.

तुमच्याकडे रोज चालणारा एखादा खरा प्रोग्राम असेल तर तो बीटावर चालवून बघा, कारण पायथनमध्ये बीटानंतर नवीन फीचर येत नाहीत पण दुरुस्त्या होतात, आणि तुमचा प्रोग्राम हळू झालेला दिसला तर कंपायलर, सेटिंग आणि मशीनच्या माहितीसकट तेव्हाच कळवा, फायनलच्या आत सुधारायला त्यांच्या हातात अजून काही आठवडे असतात.