पेशी एकमेकींत का मिसळतात? क्षयाच्या गाठीपासून हाडापर्यंतचा शोध

ठाण्यात मानेची गाठ काढून तपासायला दिली आणि क्षयाची शंका असली, की रिपोर्टात बऱ्याचदा ‘लँगहान्स जायंट सेल्स’ हे शब्द येतात. स्लाइडवर ती पेशी चटकन नजरेत भरते: एकच ऐसपैस पेशी आणि कडेने घोड्याच्या नालासारखी मांडलेली कितीतरी केंद्रकं. थिओडोर लँगहान्स यांनी तिचं वर्णन १८६८ मध्ये केलं. त्याच वर्षी पॉल लँगरहान्स यांनी त्वचेतल्या वेगळ्या पेशी दाखवल्या. नावांची गल्लत इथूनच होते. आणि ही पेशी दिसली म्हणजे क्षय ठरला असं नाही; सार्कॉइडोसिस या गाठी होणाऱ्या दुसऱ्या आजारातही ती दिसते, म्हणून जंतूची तपासणी लागतेच.

मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशी, एकमेकींत मिसळून ही पेशी बनते असं मानतात. तसा हुकूम कोण देतं? १९८८ मध्ये उंदराच्या मॅक्रोफेजवर इंटरल्यूकिन-४ हे पेशींना संदेश देणारं प्रथिन घातल्यावर त्या एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या. पण खरा उलगडा झाला तो हाडात. हाड झिजवणारी ऑस्टिओक्लास्ट ही याच कुळातली. तिचा मुख्य संदेश, रँक-लिगँड, १९९८ च्या सुमारास हाती लागला. एम-सीएसएफ हे दुसरं संदेश-प्रथिन पेशीला जगवतं, रँक-लिगँड तिला ऑस्टिओक्लास्ट व्हायला लावतं. प्रयोगशाळेत दोन्ही घालून साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी तीन किंवा जास्त केंद्रकांच्या पेशी मोजतात. पेशी विरळ पेरल्या तर त्या एकमेकींना भेटतच नाहीत. मोजायला उशीर केला तर मोठ्या पेशी मरून प्लेट रिकामी होते.

२००५ चा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. डीसी-स्टँप हे पृष्ठभागावरचं प्रथिन नसलेल्या उंदरांत पेशी ऑस्टिओक्लास्ट झाल्या, पण एकेकट्याच राहिल्या आणि हाड नीट खाऊ शकल्या नाहीत. ‘होणं’ आणि ‘मिसळणं’ यांचे हुकूम वेगळे, हे तिथे कळलं.

क्षयाच्या बाबतीत मात्र २०१६ मध्ये जुना वाद पुन्हा उठला: तिथल्या काही महापेशी मिसळून नव्हे, तर विभाजन अर्धवट राहून बनतात. २०२१ मध्ये उंदरांत दिसलं, की ऑस्टिओक्लास्ट फुटून लहान पेशी होतात आणि त्या पुन्हा जुळतात. रँक-लिगँड अडवणाऱ्या डेनोसुमॅब या हाडांच्या ठिसूळपणावरच्या औषधाचं ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घेतात. ते लांबलं की हाड झपाट्याने विरळ होतं, मणकेही मोडू शकतात; थांबून राहिलेल्या याच लहान पेशी एकदम जुळत असाव्यात.