दोन लाइन, एकच न्यूट्रल: अमेरिकी वायरिंगमधल्या एका नियमाची पार्श्वभूमी

दोन सर्किटना न्यूट्रल सामाईक असेल, तर त्यांच्या दोन्ही लाइन एकदम बंद झाल्या पाहिजेत, हा तो नियम. अमेरिकेत घराघरात तीन तारा येतात: दोन लाइन आणि मधला न्यूट्रल. लाइन ते न्यूट्रल १२० व्होल्ट, लाइन ते लाइन २४०. हे एडिसनच्या काळापासून चालत आलंय. १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याने सुरू केलेलं वीजकेंद्र दोन तारांवर चालायचं आणि तांब्याचा खर्च परवडत नव्हता. १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या सनबरी गावात तीन तारांची पद्धत आली. तेवढ्याच लोडला निम्म्याहून कमी तांबं पुरू लागलं.

हीच काटकसर पुढे घरातल्या वायरिंगमध्ये शिरली. दोन सर्किटना चारऐवजी तीनच तारा, न्यूट्रल सामाईक. हेच मल्टीवायर ब्रँच सर्किट. एका लाइनवर १२ अँपिअर आणि दुसरीवर १० असतील, तर न्यूट्रलमधून फरकाचे फक्त २ जातात. मात्र दोन्ही ब्रेकर चुकून एकाच लाइनवर बसले, की तेच २२ होतात, आणि न्यूट्रलवर ब्रेकर नसल्याने काहीच ट्रिप होत नाही.

न्यूट्रल तुटला तर वेगळाच गोंधळ. एका बाजूला १२०० वॅटचा टोस्टर, दुसरीकडे ६० वॅटचा दिवा असेल, तर दोघं २४० व्होल्टवर सिरीजमध्ये येतात आणि दिव्याच्या वाट्याला जवळजवळ २२९ व्होल्ट जातात. ‘न्यूट्रल गेला’ आणि टीव्ही-फ्रिज जळाले, हे आपल्याकडच्या थ्री-फेज लाइनवरही घडतंच. म्हणूनच अमेरिकेतल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने (वायरिंगच्या नियमांच्या संहितेने) अशा सर्किटचा न्यूट्रल सॉकेटच्या स्क्रूंवरून पुढे नेण्यास मनाई केली: सॉकेट काढलं तरी न्यूट्रलची जोडणी अखंड राहिली पाहिजे.

काम करणाऱ्या माणसाचा विचार मात्र उशिरा झाला. तो एक ब्रेकर पाडतो, लाइन टेस्टरने तपासतो आणि निर्धास्तपणे न्यूट्रलचा जोड सोडतो. दुसऱ्या सर्किटचा परतीचा करंट त्याच न्यूट्रलमधून वाहत असतो. जोड सुटताच त्याच्या हातातलं टोक जिवंत होतं. दोन्ही लाइन एकदम बंद करण्याची सक्ती आधी एकाच पट्टीवर (सॉकेट-स्विच बसवायच्या धातूच्या चौकटीवर) दोन्ही सर्किटची उपकरणं बसवली असतील तेवढ्यापुरती होती. कोडच्या २००८ च्या आवृत्तीने ती सगळ्या मल्टीवायर सर्किटना लावली. ज्या कोडची पहिली आवृत्ती १८९७ ची, त्याला एवढं सुचायला शतक लागावं, हे जरा खटकतंच.

नियम पाळायचे मार्ग दोन. दोन्ही लाइन एकत्रच तोडणारा टू-पोल ब्रेकर, किंवा दोन सिंगल-पोल ब्रेकरच्या दांड्या जोडणारा हँडल-टाय. टायमुळे हाताने दोन्ही एकत्र बंद होतात; फॉल्टमध्ये एक ट्रिप झाला तर दुसरा पडेलच याची खात्री नाही. म्हणून फक्त लाइन ते न्यूट्रल लोड असलेल्या सर्किटना टाय चालतो. शिवाय अशा जोडीचे ब्रेकर पॅनेलमध्ये शेजारीशेजारी येतात, आणि तिथल्या नेहमीच्या पॅनेलमध्ये शेजारच्या जागा वेगवेगळ्या लाइनवर असल्याने वरची २२ अँपिअरची चूकही बहुतेक टळते. पॅनेलमध्ये त्या-त्या सर्किटच्या तारा एकत्र बांधायच्या, हेही २००८ मध्येच आलं.

इलेक्ट्रिशियन कुरकुरले ते ऑफिसांतल्या दिव्यांवरून. तिथे तीन फेजवरच्या तीन सर्किटना एकच न्यूट्रल असतो. एक सर्किट दुरुस्तीला घ्यायचं तर तिन्ही बंद. तेव्हा बऱ्याच जणांनी प्रत्येक सर्किटला वेगळा न्यूट्रल ओढायला सुरुवात केली आणि वाचवलेलं तांबं परत पाइपात गेलं.