गिटारची शिसवी पाठ आणि सहा मिलिमीटरचा वाद

चांगल्या अकूस्टिक गिटारच्या वर्णनात ‘रोझवुड’ हा शब्द हटकून येतो. त्यातलं बरंचसं रोझवुड म्हणजे आपली शिसव, सह्याद्रीच्या आणि दक्षिणेतल्या पानगळी जंगलांत वाढणारी. जुन्या वाड्यांतल्या पलंग-कपाटांमुळे ती आपल्या ओळखीची आहे. गिटारच्या पाठीवर ती आली ती बरीच उशिरा, आणि तिथे पोहोचल्यावर तिच्यावरून झालेल्या भांडणांचा सुरांशी फारसा संबंध नव्हता. लाकूड कापायचं कुणी, जंगल ज्यांचं त्यांनी की वाद्य ज्यांचं त्यांनी, हा खरा मुद्दा होता.

फार मागे जाण्याची गरज नाही. सोळाव्या शतकातल्या तारांच्या चार जोड्या पुढच्या शतकात पाच झाल्या आणि १८००च्या आसपास सहा सुट्या तारा रूढ झाल्या. दक्षिण स्पेनमधल्या अंदलुसियातले कारागीर सायप्रस झाडाचं स्थानिक, स्वस्त लाकूड वापरत. ऐपतदार गिऱ्हाइकासाठी ब्राझीलहून आलेलं रोझवुड. आजच्या क्लासिकल गिटारला आकार देणाऱ्या, मूळच्या अल्मेरियाच्या कारागिराने १८६२ मध्ये एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. वरची फळी तेवढी लाकडाची ठेवली. आवाज घडतो तो या फळीत, हे त्याला दाखवायचं होतं. ते वाद्य बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. त्याचा मुद्दा मात्र बाजाराने कधीच मनावर घेतला नाही.

अमेरिकेतली गोष्ट सुरू होते ती जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन गावातल्या तंट्यापासून. गिटार बनवण्याचा हक्क व्हायोलिनवाल्यांचा की लाकूडकाम करणाऱ्या सुतारांचा, यावरून तिथे वर्षानुवर्षं तक्रारी चालल्या. त्यातल्या सुतारांच्या बाजूचा एक जण १८३३ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि काही वर्षांत पेनसिल्व्हेनियात स्थिरावला. त्याच्या कारखान्यात १८४०च्या दशकात वरच्या फळीखाली फुलीच्या आकारात पट्ट्या बसवू लागले. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. १९२०च्या दशकात पोलादी तारा सर्रास झाल्या, तेव्हा तो ताण याच फुलीने पेलला. पाठ आणि बाजूंना ब्राझीलचं रोझवुड, हा दर्जाचा शिक्का याच काळात पक्का झाला.

साठच्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने रोझवुडचे ओंडके बाहेर पाठवण्यावर निर्बंध आणले. कापणीचं काम देशातच व्हावं, हा त्यामागचा हिशोब. पेनसिल्व्हेनियाच्या कारखान्याला ओंडके स्वतःच कापायचे होते. म्हणून १९६९ मध्ये तो भारतीय शिसवीकडे वळला. पुढे १९९२ मध्ये, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराने ब्राझीलच्या जातीला सर्वांत कडक यादीत टाकलं, तोवर शिसव जगभर रुळली होती. वादकांनी काही वर्षं नाकं मुरडली खरी.

आता भारताचा नियम. सहा मिलिमीटरपेक्षा जाड कापीव लाकूड निर्यात करायचं नाही. पातळ पापुद्रे चालतील, वाद्याचे तयार भागही चालतील. गिटारची पाठ आणि बाजू पाठवतानाच त्याहून पातळ असतात, त्यांचा प्रश्न येत नाही. अडचण होते फिंगरबोर्डची, म्हणजे गिटारच्या मानेवर जिच्यावर बोटं दाबतात त्या पट्टीची. ती मुळातच सहा मिलिमीटरच्या वर जाते. मग तिला कापीव लाकूड म्हणायचं की वाद्याचा तयार भाग?

या प्रश्नावर ऑगस्ट २०११ मध्ये टेनेसी राज्यातल्या एका नामांकित गिटार कंपनीच्या कारखान्यांवर अमेरिकी सरकारने छापे घातले. परदेशी कायदा मोडून आलेलं लाकूड आयात करणं किंवा विकत घेणं हा अमेरिकेत गुन्हा आहे; २००८च्या दुरुस्तीने त्यात झाडंही आली. म्हणजे मोडला होता म्हणे भारताचा कायदा, आणि छापा टेनेसीत! जप्तीत शिसव होती, आबनूस (एबनी) हे काळं लाकूडही होतं. कंपनीच्या प्रमुखाने जाहीर सांगितलं की हेच लाकूड भारतीय कामगारांनी पूर्ण केलं असतं तर सरकारची हरकत नव्हती. अमेरिकेतल्या राजकारण्यांना ते हास्यास्पद वाटलं, प्रकरण संसदेपर्यंत गेलं. त्यात हसण्यासारखं काय होतं? लाकडाच्या किमतीतला मजुरीचा वाटा जंगल असलेल्या देशात राहावा, एवढाच त्या नियमाचा अर्थ. तिकडच्या बातम्यांत ही बाजू क्वचितच आली. गोंधळ वाढवला तो भारतीय अधिकाऱ्यांनीच. फिंगरबोर्ड हा वाद्याचा भाग असून त्याच्या निर्यातीला बंदी नाही, असं पत्र इथूनच गेलं.

ऑगस्ट २०१२ मध्ये तडजोड झाली. कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरला आणि मादागास्करच्या आबनूसवरचा हक्क सोडला. हे आधीचं, २००९च्या छाप्याचं प्रकरण, आणि त्यात कंपनीची बाजू खरोखरच लंगडी होती. भारतीय लाकूड मात्र तिला परत मिळालं. भारताने स्पष्ट खुलासा करेपर्यंत अशा फिंगरबोर्डवर कारवाई करणार नाही, असं अमेरिकी सरकारने लिहून दिलं.

त्यानंतर २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या अख्ख्या कुळावर त्याच आंतरराष्ट्रीय कराराखालचे परवाने लागू झाले. मुख्य कारण चीनमधल्या महागड्या फर्निचरची मागणी. गिटारवाले त्यात आपोआप ओढले गेले. मेक्सिकोत बनणाऱ्या लोकप्रिय इलेक्ट्रिक मॉडेलांवर रोझवुडऐवजी पाऊ फेरो हे दक्षिण अमेरिकेतलं लाकूड आलं. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५२ वादकांना मंद उजेडात, वेल्डरचे काळे गॉगल घालून, फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटार वाजवायला दिल्या. वादकांनी गिटारांना दिलेल्या गुणांत नगण्य फरक पडला. कागदी पाठीच्या गिटारनंतर दीडशे वर्षांनी हा निष्कर्ष निघाला, आणि दुकानातल्या किमतींवर त्याचाही काही परिणाम झाला नाही.

नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं आणि त्यांचे तयार भाग परवान्यातून मोकळे झाले. ब्राझीलची जात तेवढी अपवाद. कच्च्या लाकडाला कागदपत्रं आजही लागतात. तयार भाग म्हणजे त्या वाद्यासाठीच घडवलेला आणि थेट बसवता येईल असा. त्यामुळे फ्रेटच्या, म्हणजे सुरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या तारांच्या, खाचा पाडलेली पट्टी आणि न पाडलेली पट्टी, यांत कस्टमला आजही फरक करावा लागतो.