सफरचंद झाडापासून लांबच पडतं

'रोज एक सफरचंद खा आणि डॉक्टरला लांब ठेवा' हा सल्ला इतक्यांदा फिरून येतो की तो विज्ञानाने सिद्ध केलाय असंच वाटू लागतं. मुळात ही वेल्समधली लोकोक्ती. झोपताना सफरचंद खाल्लं तर डॉक्टरची भाकरी बुडेल, अशा अर्थाने ती पेम्ब्रोकशर भागात सांगितली जाई आणि 1866 साली छापून आली. 2015 साली अमेरिकेत 8,399 प्रौढांच्या माहितीवरून तिची तपासणीही झाली. त्यांतले 753 जण रोज सफरचंद खाणारे होते. शिक्षण, धूम्रपान वगैरे फरक हिशेबात धरल्यावर डॉक्टरकडे जाण्यात दोन्ही गटांत फरक उरला नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं तेवढी सफरचंदवाल्यांना किंचित कमी लागत होती.

'एक नासकं सफरचंद सगळी रास नासवतं' ही म्हण मात्र पक्की आहे. आपल्या 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला'ची ती बहीणच. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या इंग्रजी काव्यातही ती सापडते. पिकणारं किंवा मार लागलेलं फळ इथिलीन वायू सोडतं, आणि तो वायू शेजारच्या फळालाही इथिलीन बनवायला लावतो. एकाने सुरुवात केली की सगळी रास पिकत आणि सडत जाते.

पण माझ्या मनात घर करून बसलीय ती तिसरी म्हण: सफरचंद खोडापासून फार लांब पडत नाही. जर्मन माणूस हे म्हणतो, रशियन म्हणतो, इंग्रजीतही ती रुळलेली आहे. तुर्की म्हणीत नासपती बुंध्याशी पडतं. आइसलँडच्या म्हणीत सफरचंद 'एइक'पासून लांब पडत नाही, आणि एइक म्हणजे आज चक्क ओक. जुन्या भाषेत तो शब्द कुठल्याही झाडाला चालायचा. अर्थ सगळीकडे एकच, आपल्या 'खाण तशी माती'चा. मूल आईबापांवर जायचंच.

आणि नेमकं हे सांगायला माणसांनी सफरचंद निवडावं! गोड, लालबुंद फळाची बी पेरून बघा. झाड होईल, काही वर्षांनी फळंही धरतील, पण बहुतेक वेळा ती लहान, आंबट, तुरट निघतील. बीपासून वाढवलेली झाडं मूळ झाडापेक्षा हलकी निपजतात, हे ग्रीसच्या थिओफ्रास्टस या वनस्पतींच्या अभ्यासकाने सुमारे 2,300 वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं.

एक सफरचंद घ्या आणि नेहमीसारखं उभं न चिरता आडवं चिरा. मधोमध पाच टोकांची चांदणी दिसेल. तिच्या प्रत्येक कप्प्यात साधारण दोन तपकिरी बिया. चांदणीभोवतीचा गर म्हणजे फुलाचा तळाकडचा भाग फुगून झालेला, निव्वळ आईचं शरीर. पराग कुठल्याही झाडाचे येवोत, गर आईचाच राहतो, म्हणून एका झाडाची सगळी फळं एका चवीची. मूल आहे ते बीमध्ये. फुलावर मधमाश्या पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन बियांचे बापसुद्धा वेगळे असू शकतात.

(बियांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्यांतल्या ॲमिग्डालिन या द्रव्याला 'व्हिटॅमिन बी-17' म्हणून कॅन्सरवर खपवतात. ते व्हिटॅमिन नाही. 1982 साली अमेरिकेत 178 रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याचा काडीचा उपयोग दिसला नाही. उलट काहींच्या रक्तात सायनाइड धोकादायक पातळीजवळ पोचलं. चुकून गिळलेल्या दोन-चार बियांची भीती नको, पण औषध म्हणून त्या चावून खाणं घातक आहे.)

आता बाप दुसऱ्याच झाडाचा का लागतो ते पाहू. सफरचंदाच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, अगदी हातभर सोडाच, बोटभरही अंतर नाही. स्वतःचे पराग स्वतःच्या कुक्षीवर, म्हणजे मादी भागाच्या टोकावर, पडतात, रुजतातही. परागकणातून नलिका निघते आणि कुक्षीखालच्या दांड्यातून, म्हणजे कुक्षीवृंतातून, खाली बीजांडाकडे (ज्याची पुढे बी होते) वाढू लागते. वाटेत तिला विष भेटतं. कुक्षीवृंताच्या पेशी एस-आरएनेझ नावाचं विकर (एन्झाइम) पाझरत असतात आणि ते आरएनएचे, म्हणजे प्रथिनं बनवण्याचा निरोप नेणाऱ्या रेणूंचे, तुकडे करतं. आरएनए तुटलं की नवी प्रथिनं बनत नाहीत, आणि नलिका अर्ध्या वाटेतच थांबते.

हे विष आपला-परका बघत नाही, सगळ्याच नलिकांमध्ये शिरतं. फरक पडतो तो उताऱ्याने. परागाकडे एफ-बॉक्स प्रथिनांचा संच असतो. त्यातलं एकेक प्रथिन काही ठरावीक परकी विकरं ओळखतं आणि त्यांना युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी डकवतं. चिठ्ठी दिसली की पेशीतली मोडतोड करणारी यंत्रणा त्या विकराचा फडशा पाडते. सगळ्या संचाने मिळून परक्या विषांचा बंदोबस्त होतो. उतारा नसतो तो फक्त स्वतःच्या विषावर.

विष आणि उतारा यांची जनुकं गुणसूत्रावर लागून असतात आणि जोडीनेच पुढच्या पिढीत जातात. या जागेला एस-स्थान म्हणतात. त्याचे अनेक प्रकार आहेत, त्यांना क्रमांक दिलेत. झाडात त्यांतले दोन असतात, परागात एकच. सफरचंदाच्या वाणांत बघा: गोल्डन डिलिशसमध्ये एस2 आणि एस3, फुजीत एस1 आणि एस9, गालामध्ये एस2 आणि एस5. गोल्डन डिलिशसच्या फुलात फुजीचे सगळे पराग चालतात. गालाचे मात्र एस5 वाले चालतात, एस2 वाले अडतात. आणि गाला ही गोल्डन डिलिशसचीच संतती आहे. तिच्यातलं एस2 आलंय ते तिथूनच! आपलं गेलेलं परत आलं की झाड दार लावून घेतं आणि दुसरीकडून आलेल्याला आत घेतं. म्हणीच्या इतकं थेट विरुद्ध दुसरं काय असेल?

अशा परक्या-परक्यांच्या संकरात पिढ्यान्‌पिढ्या गेल्या की प्रत्येक झाडाच्या 17 जोड्यांमधली दोन्ही गुणसूत्रं एकमेकांहून बरीच वेगळी होतात. प्रत्येक जोडीतलं एक निवडायचं तर एका झाडाकडून 1,31,072 जुळण्या होतात. दोन झाडांच्या मिळून 1,700 कोटींहून जास्त. त्यात तुकड्यांची अदलाबदल धरलेलीच नाही. म्हणून प्रत्येक बी ही नवी सोडत.

मनासारखी सोडत लागली की माणूस ती बीवर सोपवत नाही, कलम बांधतो. ऑस्ट्रेलियात मारिया ॲन स्मिथ यांच्या मळ्यात 1868च्या सुमारास आपोआप उगवलेल्या एका रोपाची आजची सगळी ग्रॅनी स्मिथ झाडं म्हणजे कलमंच आहेत. त्यामुळे एकाच वाणाची हजार झाडं लावली तरी एस-स्थानाच्या नजरेत ते एकच झाड. मधमाशी दिवसभर या झाडावरून त्या झाडावर फिरली तरी फळ फारसं धरत नाही. जाणते बागाईतदार मधूनमधून दुसऱ्या वाणाची झाडं लावतात ती यासाठी.

आईबाप ओळखण्याचीच एक गोष्ट. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने 1960 साली केलेल्या संकरातून हनीक्रिस्प वाण निघालं आणि 1991 साली बाजारात आलं. नोंदीत त्याचे जनक होते मॅकून आणि हनीगोल्ड ही वाणं. पुढे डीएनए तपासला तेव्हा दोन्ही नावं चुकीची निघाली. एक जनक कीपसेक नावाचं वाण ठरलं. दुसरा सापडायला 2017 साल उजाडलं: कधीच बाजारात न आलेलं, नुसत्या क्रमांकाने ओळखलं जाणारं, त्याच विद्यापीठातलं एक झाड.