वरळीचे बेडूक, प्रिन्सेस डॉकचं जंगल: मुंबईच्या पोटातल्या जीवाश्मांची पार्श्वभूमी

मुंबईचा दगड म्हणजे काळा पत्थर, एवढंच आपल्याला शाळेत शिकवलं जातं. त्यात खोटं काही नाही, पण हा पत्थर ज्या लाव्हाचा झाला तो सलग ओतत राहिला नव्हता. दोन उद्रेकांमध्ये हजारो वर्षांची उसंत मिळे. तेवढ्यात तळी साचत, झाडंझुडपं वाढत, गाळाचे थर बसत आणि मग नवा लाव्हा येऊन सगळं गाडून टाकी. लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या अशा गाळाच्या खडकांना भूवैज्ञानिक 'इंटरट्रॅपियन' म्हणतात. मलबार हिल, वरळी, जोगेश्वरी आणि आंबोली या पट्ट्यात ते आहेत. ते उजेडात आले ते मात्र अभ्यासकांच्या हातोडीपेक्षा गटारं, गोद्या आणि खाणी खणणाऱ्यांच्या पहारीमुळे.

सुरुवात वरळीची. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध पडला आणि महालक्ष्मी-वरळीच्या मधून आत घुसणारा समुद्र अडला. आतली सखल जमीन मात्र भरतीच्या पातळीखालीच राहिली. तिथलं पाणी बाहेर काढायला लव्ह ग्रोव्हला दरवाजे बसवायचे ठरले. आज महापालिकेचं लव्ह ग्रोव्ह उदंचन केंद्र आहे, तोच हा भाग. त्या खोदकामात पत्थराखाली काळपट, पापुद्र्यांनी सुटणारा शेल, म्हणजे गाळाचाच खडक, लागला आणि पापुद्रे उलगडताच आत चपटे झालेले बेडकांचे सांगाडे दिसले. लहानखुरे, बोटाच्या पेरा-दोन पेरांएवढे, पण हाडं जागच्या जागी.

१८४७ साली लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं शास्त्रीय वर्णन केलं. 'डायनोसॉर' हा शब्द पाचच वर्षांपूर्वी घडवणारे ते हेच ओवेन. त्याच वर्षी मुंबई परिसराच्या भूरचनेवर लिहिलं ते जॉर्ज क्लार्क यांनी. हे मुळात इंजिनिअर, मुंबईच्या पहिल्या रेल्वेच्या आखणीतले. ओवेन यांनी या बेडकांना आजच्या बेडकांच्याच 'राना' प्रजातीत बसवलं होतं. १९३० मध्ये अमेरिकेच्या नोबल यांनी त्यांना वेगळं काढून 'इंडोबॅट्राकस' हे नाव दिलं. पुढे १९४० मध्ये चिपळूणकरांनी वरळीच्याच टेकडीतून आणखी एक जात नोंदवली.

पण थरांचं खरं मोल ओळखलं ते डॉ. हेन्री कार्टर यांनी. पेशाने सर्जन, एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे चिटणीस. १८५२ मध्ये त्यांनी मुंबई बेटाच्या भूरचनेवर सविस्तर लेख लिहिला. त्यात बेडकांखेरीज बिया, पानांचे ठसे, कोळसा झालेलं लाकूड आणि सायप्रिस नावाच्या शिंपलीधारी सूक्ष्म जिवांच्या राशी आल्या. शिवाय एक कासवही. डॉ. लेथ यांच्या नावावरून त्याला 'लेथाय' म्हटलं गेलं. गंमत म्हणजे दख्खनच्या नद्यांत आजही पोहणाऱ्या एका मऊ पाठीच्या कासवालाही याच लेथांचं नाव आहे. त्या काळी मुंबईचं भूविज्ञान म्हणजे डॉक्टर, इंजिनिअर आणि संपादकांचा फावल्या वेळचा उद्योग होता. संपादक म्हणजे 'बॉम्बे टाइम्स'चे बुइस्ट.

गाळ गोड्या पाण्याचा, हा कार्टर यांचा निष्कर्ष बेडकांकडे बघता साहजिकच होता. तो पुढे दीडशे वर्षं जवळजवळ तसाच चालला. २००५ मध्ये मुंबईच्या थरांतल्या परागकणांचा अभ्यास झाला, तेव्हा चित्र जास्त गुंतागुंतीचं निघालं: किनाऱ्यालगतची पाणथळ जागा, पाणी कधी गोडं तर कधी मचूळ. मुंबईतल्या काही खाणींत उशांच्या ढिगासारखा गोळागोळा थिजलेला लाव्हा सापडतो. तो पाण्यात शिरल्याशिवाय तसा थिजत नाही, म्हणजे हाही पुरावा त्याच बाजूचा. हे थर नेमके किती जुने, हा वादही इथेच मिटायला मदत झाली. दख्खनचा मोठा उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसॉर संपले त्या सुमाराचा. मुंबईचे खडक त्यामानाने धाकटे: मनोरी आणि साकीनाक्याच्या खडकांचं वय ६ कोटींच्या थोडं पुढेमागे येतं. परागकणही तेच सुचवतात. तेव्हा वरळीच्या बेडकांनी डायनोसॉर पाहिला असेल, ही कल्पना मला तरी सोडून द्यावीशी वाटते.

पूर्व किनाऱ्याची गोष्ट अगदीच वेगळी आणि भूवैज्ञानिक हिशेबात कालपरवाची. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली साडेतीनशेहून जास्त झाडांची खोडं लागली. बरीचशी मुळांवर उभीच होती आणि भरतीच्या पातळीच्या पुष्कळ खाली. लाकूड खैराचं. खैर काही समुद्रात उगवत नाही. म्हणजे जमीन खचली किंवा समुद्र चढला, यापलीकडे अर्थ काढता येत नाही. उलट कुलाबा, माहीमकडे शंखशिंपले आणि वाळू चुन्याने घट्ट सांधून झालेला खडक भरतीरेषेच्या वर मिळे, आणि त्यावरून जुने लेखक बेटाची एक बाजू उचलली, दुसरी बसली असं मांडत. आज समुद्राच्या पातळीच्या चढउतारांचा हिशेब धरल्याशिवाय ती मांडणी कुणी स्वीकारणार नाही.

खाणींनी शेवटची मोठी भेट दिली ती आंबोलीत. तिथल्या कासवाला २००३ मध्ये 'सांकुकेमिस सेठनाय' हे नाव मिळालं, मुंबईच्या खडकांवर आयुष्य घालवलेल्या प्रा. सेठना यांच्या आदरार्थ. आता उपनगरांतल्या खाणींच्या जागी बहुतेक ठिकाणी इमारती आहेत. खोदाई मात्र थांबलेली नाही, उलट मेट्रो आणि किनारी रस्त्याच्या बोगद्यांमुळे ती पूर्वीपेक्षा कितीतरी खोल गेली आहे. फरक एवढाच, की बोगदा खणणारं यंत्र खडकाचा चुरा करूनच बाहेर टाकतं. इंजिनिअरच्या दृष्टीने शेल म्हणजे कच्चा, पाण्याने सुटणारा, लवकर आधार द्यावा लागणारा थर. अहवालात त्याची नोंद होते ती तेवढ्याचपुरती.